साहेबाची पोरगी पुरात पडली तेव्हा

शेवटचं आम्ही दोघांनी केलं ते रोजचंच. वडगावच्या घरात मी माग चालवत होतो आणि बायको समोर बसून पोरांचं जुनं पुस्तक वाचत होती, इंग्रजांच्या काळातल्या एका साहेबाच्या कुटुंबाचं. मागाच्या खडखडाटात आवाज कुठला येतोय, मी तिच्या ओठांवरनं गोष्ट समजून घ्यायचो. साहेबाची धाकटी पोरगी पुरात पडली आणि बायकोचे ओठ थांबले. मी माग बंद केला. तिला लई धाप लागलेली. "दवाखान्यात चल गं." "थांबा ओ, पोरगी बाहेर येऊ दे, मग जाऊ." ऐकंना, तशीच उचलून नेली. संध्याकाळी ती गेली. सकाळी तिला अंगणात ठेवलेली, माणसं खोळंबलेली. मेहुणा म्हणाला, "दाजी, उचलायला उशीर व्हायलाय." "थांब रं, पोरगी अजून पाण्यात हाय," म्हणालो आणि तिच्या उशाला बसून, अक्षराला अक्षर जोडत, मोठ्यानं वाचायला लागलो.