शिंप्याची 'नाही' म्हणणारी लेक

शिंप्याच्या तोंडून कधी कोणाला 'नाही' ऐकू आले नव्हते. गिऱ्हाईक कितीही घाईचे काम घेऊन येवो, तो मान डोलावून मोकळा होई आणि वेळ टळली की सगळ्यांची बोलणी निमूटपणे खाई. दोन वर्षांची लेक मात्र बोलू लागली ती 'नाही' म्हणतच. "तुमच्या वाटणीचे नकारसुद्धा हिनेच उचललेत," असे बायको काजे करता करता म्हणे. शिंपी हसे, पण अशा पोरीचा जगात निभाव कसा लागायचा, ही काळजी त्याला आतून कुरतडत असे.

त्या दिवशी ब्लाउज शिवायला टाकण्यासाठी आलेल्या काकूंनी चिंध्यांच्या ढिगात रमलेल्या पोरीपुढे गाल केला. "ठमे, एक पापी दे बघू."

"नाई."

"अगं बाई, केवढा तोरा! आत्ताच वळण लावा हो, नाहीतर उद्या डोक्यावर मिरे वाटेल."

शिंप्याचा हात सवयीने लेकीला पुढे ढकलायला गेला. तिने वर पाहिले. त्या नजरेत ना भीती होती, ना राग. बाबा आपल्याच बाजूचा आहे, एवढी खात्री होती. त्याने हात मागे घेतला.

"राहू द्या, काकू. तिला नकोय."

काकूंनी तोंड वाकडे केले. "बरं. ब्लाउज तरी उद्या द्याल ना?"

शिंप्याने टांगलेल्या अर्धवट कपड्यांकडे पाहिले. "उद्या नाही जमणार. शुक्रवारी देतो."

बायकोची सुई काजातच थांबली. "ऐकलंत ना, काकू?" ती घाईघाईने म्हणाली. "शुक्रवारी!"