जुरांदिरचा डावा गुडघा

सांता रोझाच्या सरकारी दवाखान्यात जुरांदिर सकाळी सहालाच येऊन बसला. हातात सतरा नंबरची चिठ्ठी होती, पण तिला काही अर्थ नव्हता. एकोणनव्वद साली राज्याच्या अंतिम सामन्यात त्यानं शेवटच्या मिनिटाला राजधानीच्या संघावर गोल मारला, आणि तेव्हापासून या गावात त्याला रांग म्हणून उरली नाही. मयताला गेला तरी कोणीतरी कोपऱ्यात ओढून विचारायचंच, "तोफे, तो चेंडू नक्की कसा आला रे?" त्या गोलापासून सगळे त्याला तोफच म्हणत; खरं नाव बायको जुसारा सोडली तर कोणी घेत नसे. आता वय एकसष्ट, आणि डावा गुडघा सुजून भोपळा झालेला.

"अरे, तोफ आलाय! जाऊ द्या त्याला पुढं," शेजारचा म्हातारा ओनोफ्रे ओरडला.

दाराशी एक बाई तापलेलं लेकरू छातीशी धरून उभी होती. तीही बाजूला सरली. हसून सरली, तेच त्याला सोसवेना.

"माझा सतरावा नंबर आहे. मी बसतो."

"नखरे नकोत. तुला रांगेत बसवला तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

"ओनोफ्रे, दमलोय रे मी. बसू दे."

"बघा, म्हातारपणी भाव खातोय!"

लोक हसले, मग जरा रुसले. तो उठला नाही. बाई आत गेली.

चार तासांनी त्याचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या, गावात येऊन आठवडाच झालेला.

"काम काय करायचात? हमाली?"

"फुटबॉल खेळायचो. पुढं, गोल मारायला."

त्यांनी गोलाचं विचारलं नाही. गुडघा दाबून पाहिला. "यात दुखणं मारायच्या सुया घेतल्यात?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. जुरांदिर म्हणाला, "सहा हंगाम. अंतिम सामन्याला तर तीन. पायाखाली जमीन आहे की नाही, कळत नव्हतं. गोल झाला तोही लोक ओरडले तेव्हा कळलं."

"नको म्हणाला नाहीत?"

"नको म्हटलं असतं तर बाकावर बसलो असतो, बाई. घरी दोन पोरं होती."

सांधा बदलावा लागेल, त्या म्हणाल्या. पण वाट बघणाऱ्यांची यादी लांबलचक आहे.

संध्याकाळी त्यानं जुसाराला सुयांचं सांगितलं. ती काळे घेवडे निवडत होती. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "रात्रभर कण्हायचास. तू सांगशील म्हणून वाट बघत होते."

चौदा महिन्यांनी राजधानीच्या इस्पितळातून बोलावणं आलं. तिथं त्याला कोणी ओळखलं नाही. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस तो झोपूनच होता. नर्स जेवायला उठवायला आली, तेव्हा डोळे न उघडता म्हणाला, "राहू दे गं पोरी. अजून थोडं पडतो."