डबीरसाहेबांचा जवळचा रस्ता

डबीरसाहेब गेल्याची बातमी ऑफिसच्या ग्रुपवर सकाळी नऊला आली आणि साडेनऊपर्यंत त्यांचा देवमाणूस झालेला होता. ‘मार्गदर्शक हरपला’, ‘आकड्यांचा जादूगार’, ‘कधीही न भरून निघणारी पोकळी’... ज्यांनी त्यांच्या टेबलापाशी उभं राहून बोलणी खाल्ली, तेच सगळ्यांत पुढे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! मी काहीच लिहिलं नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले, तरी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवणं मला जमेना. आता महिना उलटून गेलाय, तर लिहिते.

आमचं ऑफिस लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका ठेकेदाराचं. जिल्ह्यात कुठंही काँक्रीटचं काम निघालं, की माल तिथं पोचवून घनमीटरला किती पडेल, हे टेंडर भरण्याआधी डबीरसाहेब काढायचे. गिट्टी खदानीवर स्वस्तच असते, जीव घेते ती वाहतूक. साहेब संगणकावर नकाशा उघडायचे, सगळ्यांत जवळचा रस्ता पकडायचे, त्याचे किलोमीटर शीटमध्ये टाकायचे, की आकडा तयार. खुर्चीवरून उठायचं नाव नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी रोज बघत होते. पुसदच्या पलीकडे हा माणूस जन्मात गेला नसेल, पण तिथल्या पांदण रस्त्यावरून तिथल्याच शेतकऱ्याशी फोनवर वाद घालायचा. आणि ड्रायव्हर लोकांना तर ते माणसांतच धरत नसत. कुणी आत आलाच, तर साहेबांची नजर स्क्रीनवरून हलायची नाही; समोरच्यानं तसंच उभं राहून बोलायचं.

बोरी अरबच्या पुढं एका शाळेच्या हॉलचा स्लॅब होता. नकाशानं एक आडरस्ता दाखवला आणि साहेबांचे नऊ किलोमीटर वाचले. त्या नऊ किलोमीटरच्या जोरावर आमचा दर सगळ्यांत खाली गेला, काम आम्हाला मिळालं. मालकानं सगळ्यांसमोर साहेबांच्या खांद्यावर शाल टाकली आणि ती त्यांनी दिवसभर काढली नाही, भर एप्रिलात! स्लॅबच्या दिवशी सकाळी काँक्रीटच्या मिक्सर गाडीचा ड्रायव्हर किसन राठोड आत आला.

“साहेब, त्या रस्त्यानं नाल्यावर रपटा हाये, अन् रपट्याच्या पुढं खडी चढण. भरली गाडी चढत नाही. मी दारव्ह्यावरून फिरून जातो.”

“तुला नकाशा वाचता येतो?”

“नाही जी. पण मी गेलतो त्या रस्त्यानं.”

“मग गाडी चालव. डोकं चालवायचा पगार मला मिळतो.”

किसन गेला. रपटा, म्हणजे नाल्यावरचा तो बुटका पूल, त्यानं ओलांडला, चढणीवर गाडी बसली. दुसरी गाडी ओढायला येईस्तोवर ऊन डोक्यावर आलं आणि काँक्रीट ड्रममध्येच दगड झालं. तिकडे स्लॅब अर्धा भरून तसाच पडला, पुढं तो फोडावा लागला. ड्रमच्या पोटात शिरून छिन्नी-हातोड्यानं माल काढायला माणसांना तीन दिवस लागले. गाडी बसली त्याच संध्याकाळी मालक किसनला घेऊन तणतणत आले. साहेबांनी शांतपणे स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. “रस्ता तर हा इथं आहे. गाडी कशी हाकली, ते याला विचारा.” किसननं आधी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शीटमधली बेरीज तपासत होते. म्हणजे तसं दाखवत होते. आडरस्ता चुकीचा ठरला, तर अख्खा दरच चुकीचा ठरत होता, शालीसकट. किसनला त्याच दिवशी काढलं. ‘ड्रममध्येच माल जमू देणारा ड्रायव्हर’ ही ख्याती माणसाच्या आधी गावोगाव पोचते. पुन्हा त्याला कुणी मिक्सरवर बसवलं नाही.

त्यानंतर साहेबांचे आकडे अचूक यायला लागले, इतके की दुसरे ठेकेदारही विचारायला यायचे. साहेब मान वाकडी करून म्हणायचे, “अनुभव लागतो.” मीसुद्धा तसंच समजत होते. ते गेल्यावर त्यांचा संगणक माझ्याकडे आला. गेल्या आठवड्यात दिग्रसकडच्या एका कामाचा दर काढताना बेरीज जुळेना, म्हणून शीटमधले लपवलेले रकाने उघडले. ‘नकाशा’ या रकान्याच्या शेजारी दुसरा रकाना होता. वर लिहिलं होतं, ‘कि. रा.’ बोरी अरबनंतरच्या प्रत्येक कामापुढे वेगळे किलोमीटर, आणि शेरे : पावसाळ्यात बंद. वळणावर मिक्सर वळत नाही. चढण, फिरून जाणे. दर सगळे याच रकान्यावरून काढलेले होते. नकाशाचा रकाना नुसता दाखवायला. इतकी वर्षं मला या माणसाचा राग होता, त्या दिवशी किळस आली. कारण आपलं चुकलं हे त्याला कळलं होतं... आणि कळूनही त्यानं त्या माणसाची अक्कल तेवढी ठेवून घेतली, नाव पुसून टाकलं.

किसन आता पुसदला दुधाची गाडी चालवतो. मी फोन करून त्या रकान्याचं विचारलं.

“हो मॅडम, करत होते न साहेब फोन. नवीन काम आलं का करत. रस्ता विचारत अन् ठेवून देत. माफीबिफी काही नाही.”

“मग तुम्ही कायले सांगत होते त्यांना?”

“त्या गाड्यांवर आपलेच लोक असतात न, मॅडम.”

 मी म्हटलं, “किसनभाऊ, मी साहेबांवर पेपरात लिहून राहिले. चूक तुमची नव्हती, त्यांची होती, हे नावानिशी लिहिते.”



“लिवा,” तो म्हणाला. “पण पुरं लिवा. सकाळी मी साहेबाले सांगत होतो, तव्हा त्या खोलीत आपण तिघं होतो.”