पाडलेली भट्टी

बाबूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्या जालन्यात कापड घेत होते. महिना झाला, ते कापड अजून पिशवीतच आहे. दादा माझा थोरला भाऊ. लोखंडी सळया बनवणाऱ्या मिलमध्ये भट्टीवरचा मिस्त्री. लोखंड पुरतं तापलं की नाही, हे तो नुसत्या रंगावरून सांगायचा. पण कोळशाच्या धुरानं त्याची छाती पार पोखरली होती. सोबतच्या दोघांनी तर अंथरूणच धरलं. मी भांडायचे, मालकाला सांग म्हणून डोकं खायचे.

शेवटी मालकानं गॅसची भट्टी घातली. गॅस परदेशातून जहाजानं बंदरावर यायचा, तिथून टँकरनं आमच्याकडे. दादाचा खोकला ओसरला. मी गावभर पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. मग मालकानं दादाला विचारलं, जुनी भट्टी अडीनडीला राहू द्यायची का? त्या दिवशी दादा जेवला नाही. मला म्हणाला, "ठिवली तर गॅस महाग झाला की पुन्हा कोळशावर ढकलतेत माणसं." मी फटकन म्हणाले, मग पाडून टाक. पहिली वीट त्यानंच काढली.

वर्ष-दीड वर्ष बरं गेलं… मग तिकडं परदेशात कायतरी बिनसलं आणि टँकर येईनासे झाले. आज येईल, उद्या येईल. माणसं गार भट्टीपुढं बसून राहायची. कोळसा कुठूनही आणता आला असता हो, पण जाळायचा कशात? मालकानं कुलूप घातलं. कुणी अंकुशनगरला ऊसतोडीला गेलं, कुणी वाटूर फाट्यावर हमालीला. दादा मात्र रोज गेटपाशी जाऊन बसायचा.

"सुमे, खोकत व्हते, पण दोन टायमाला खात व्हते. म्या हे काय करून बसलो?"

मी त्याला घरी चल म्हणाले; पाडून टाक असं मीच म्हणाले होते, ते काढलंच नाही. दादा खोकल्यानं नाही, हाय खाऊन गेला.

वहिनीकडं गॅस आहे, तरी शेवटच्या महिन्यांत त्यानं मागच्या पडवीत छपराला टेकेल एवढं सरपण रचून ठेवलं. दहाव्याला तिथंच एका कामगाराची बायको माझ्याजवळ बसली. म्हणाली, "दादा सांगायचे, भट्टी पाडायचं माझ्या एकट्याच्याच मनात आल्तं. कुणी म्हणलं न्हवतं."

माझं नाव त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मी त्या सरपणाकडं बघत राहिले, आणि तेव्हाही गप्पच बसले.