पिंजाऱ्याचं काय झालं

मी शाळेत इतिहास शिकवतो. अमेरिकेतल्या वसाहती इंग्रजांशी कशा लढल्या, हे चाळीस मिनिटं रंगवून सांगतो. आमचं गाव निजामाशी लढलं, तेही सांगतो, पण अर्धंच.

त्या लढ्यातले एक आजोबा गावात उरले होते. तरुणपणी तामलवाडीच्या पलीकडं, सोलापूरच्या हद्दीतल्या कॅम्पातून ते बंदुका आणायचे. दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, आम्ही त्यांना शाल-नारळ देऊन खुर्चीत बसवायचो. एका वर्षी ते आदल्या दिवशीच घरी आले.

“गुरुजी, औंदा मला बोलायचंय.”

“बोला की आजोबा. रझाकार कसे पळाले, सांगा पोरांना.”

“त्ये समद्यास्नी पाठ हाय. मागनं आमी काय केलं, त्ये सांगायचंय.”

मग त्यांनी सांगितलं. लष्कर आलं, रझाकार पळाले. गावचा पिंजारी मागं राहिला. त्यानं कधी कुणावर काठीसुद्धा उचलली नव्हती. तो कडब्याच्या गंजीत लपला. मुसलमान म्हणून त्याला शोधणाऱ्या गावकऱ्यांना गंज दाखवली ती आजोबांनीच. त्याला मारून प्रेत विहिरीत टाकलं. बायको-पोराला सोडून पळाला, असं गावानं उठवलं. ते पोर, आता साठीचे गादीवाले चाचा, हमरस्त्यावर गाद्या भरत होते.

“त्याच्यासमोर बोलतो. मंग त्याला काय करायचं त्ये करू दे.”

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पुढं सरपंच, शिक्षणखात्याचे साहेब. चाचा मागं लिंबाखाली उभे. आजोबा म्हणाले, “आमी जिंकलो. मंग त्या पिंजाऱ्याला...”

मी माईक काढून घेतला आणि ‘भारत माता की जय’ ओरडलो. पोरांनी शाळा दणाणून सोडली. गावात दंगा होईल म्हणून केलं, असं मी हेडमास्तरांना सांगितलं. खरी भीती माझ्या बदलीची होती.

खाली उतरताना आजोबा म्हणाले, “घसा लई चांगलाय तुमचा, गुरुजी.” दिवाळीच्या आत ते गेले.

त्या थंडीत मी गादी भरायला टाकली. चाचांनी पिंजता पिंजता हात थांबवला.

“गुरुजी, त्या दिवशी आजोबा माझ्या बापाचं काय सांगत होते? आई मरेपर्यंत म्हणायची, कुठंतरी दुसरा संसार मांडलाय त्यानं. आजोबांना पत्ता ठाऊक होता का?”

“नाही हो चाचा. तुमच्या वडिलांच्या हातात लई कसब होतं, एवढंच सांगणार होते.”

त्यांचा चेहरा फुलला. सुनेला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. मी बसलो आणि तो प्यायलो.