देवाला झाडणारे दाजी

दाजी देवाशी बोलायचे ते पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारावी तसे. नदीवर पूल होण्याआधी त्यांची नोकरी पेडणे तालुक्यातल्या चोपड्याच्या फेरीबोटीवर, त्यामुळे हळू बोलणे त्यांना ठाऊकच नव्हते. सोमवार कडक, आंघोळीशिवाय चहाला शिवत नसत. मी शाळामास्तर आणि गावातला एकुलता एक नास्तिक. तरी आमचे छान जमायचे. "तू देवाक मानी नाय, देव तुका मानता. माजा काय जाता?" असे म्हणत पदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, गरम उंडा पाव मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवायचे.

गाऱ्हाणे घालायचा मान त्यांचा. जत्रेआधी गावाच्या वतीने देवापुढे मागणे मांडायचे आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे, ही आमची रीत. दाजींच्या गाऱ्हाण्यात मागणे थोडे, झाडणेच जास्त.

एका वर्षी जत्रेसाठी मी नाटक लिहिले. देव घराचा नंबर मागायला पंचायतीत जातो आणि कारकून त्याच्याकडेच रहिवासी दाखला मागतो. तालीम बघून दाजींनी तोंड वाकडे केले. "माका आवडूक नाय. आमचो देव रांगेत उबो रवचो नाय." दोन दिवसांनी गावातल्याच विनायकने, विटा-रेतीचा धंदा करणाऱ्याने, धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार दिली. ठाण्यातून बोलावणे आले. गुन्हा नोंदला तर नोकरी गेलीच, असे जो तो सांगू लागला. खोटे कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली. नाटक रद्द करतो म्हणून मी माफीपत्र लिहिले.

दाजींनी ते वाचले आणि घडी करून स्वतःच्या खिशात घातले. "चल, मी येतंय."

"पण तुम्हाला नाटक आवडलं नाही ना?"

"नाय आवडला. म्हणान तुका गप करू? देव काय इतको भित्रो आसा?"

ठाण्यात विनायक आधीच बसला होता. दाजी थेट फौजदारांसमोर गेले. "सायबानू, आदी माजी तक्रार लिवा. आरोपी मीच. चाळीस वर्सां मी देवाक भर देवळात झाडतंय."

"काय बोलता देवाला?" साहेबांनी विचारले.

दाजींनी हात जोडले, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! आठ दिस नळाक पाणी नाय, आणि तू डोळे मिटून बसलंस!"

"व्हय म्हाराजा!" दाराशी उभा असलेला आमच्या पेडण्याचाच शिपाई सवयीने बोलून गेला.

"नारळ खाताना मात्र बरो जागो आसतंस!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सर्वांत मोठा आवाज विनायकचा होता. हातही आपोआप जोडले गेले होते.

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. दाजी म्हणाले, "बगा. मी बोललंय, ह्यान साथ दिल्यान. आदी आमका दोगांक आत घाला, मगे मास्तराक. मी मानतंय म्हणान बोलतंय, तो मानी नाय म्हणान बोलता. दोगांकय तोंड देवानच दिल्यान."

विनायक मान खाली घालून हसला आणि त्याने तक्रारीचा कागद परत मागितला.

नाटक दणक्यात झाले. दाजी पहिल्या रांगेत बसले, एकदाही हसले नाहीत, पडदा पडल्यावर पहिली टाळी मात्र त्यांची. माफीपत्राचे विचारले तर म्हणाले, "चुलीत घातलंय. आंघोळीचा पाणी तापला."

गेल्या वर्षी दाजी गेले. यंदा गाऱ्हाण्याला विनायक उभा राहिला. त्याने हात जोडले, डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! आमच्या दाजीक नेलंस, ह्या तू बरा करूक नाय!"

मी देवळात हात जोडत नाही. त्या दिवशीही जोडले नाहीत. पण "व्हय म्हाराजा" सर्वांत मोठ्याने मीच ओरडलो.