बाळंतिणीचे मासे

माझं पहिलं बाळंतपण खालापूरकडे, सासरीच झालं. चार दिवस उलटले तरी मला दूध येईना. पोर रडून रडून निळं पडायचं. आमच्याकडे याला एकच औषध : पाताळगंगेच्या डोहातले बोटभर मासे. पिढ्यान्‌पिढ्या ते कातकरणीनं आणून अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवायचे आणि पाटलिणीनं ओट्यावरून तिच्या पदरात सूपभर तांदूळ टाकायचे. पाटलीण म्हणजे माझ्या सासूबाई. कातकरणीचा चुकून स्पर्श झाला तर त्या तडक न्हाणी गाठायच्या.

त्या साली डोहाभोवतीचं रान सरकारी झालं होतं. कातकऱ्यांच्या हक्काची चौकशी होईपर्यंत मासे धरायला बंदी. तरी म्हातारी कातकरीण भल्या पहाटे मासे ठेवून गेली. मी त्यांचं कढण प्याले आणि दुसऱ्या दिवशी दूध आलं. बाळ पोटभर प्यायलं तेव्हा मी रडले.

बाराव्या दिवशी सरकारी साहेब आमच्याच खळ्यात चौकशीला बसला. कातकऱ्यांचा हक्क जुना, याला पुरावा काय? कागद त्यांच्याकडे कुठला असणार! डोह गेला तर अख्खी वाडी उपाशी. सासरे पडले सरकारचे पाटील. ते पागोटं सावरत मिठाची गुळणी धरून बसले. मी दाराआडून बघत होते.

तेवढ्यात सासूबाई ओटा उतरल्या. माझ्या नवऱ्याला दंडाला धरून त्यांनी पुढे ओढलं. "सायेब, ह्यो माजा थोरला. ह्याच्या येळंला मी त्याच डोहातलं मासं खाल्लं. आनि ह्ये तुमचं पाटील! ह्यांच्या येळंला माज्या सासूनं खाल्लं. इचारा त्यांना!"

मग घराघरांतून बाया आपापली पोरं घेऊन आल्या. मिशाळ पुरावे, शेंबडे पुरावे, सगळे खळ्यात उभे. साहेबालाही हसू आवरेना. सासूबाईंना चेव चढला. दाराशी येऊन माझ्या कुशीतलं बाळ घेत त्या म्हणाल्या, "आनि ह्यो बारा दिसांचा!"

बंदीला महिना झाला होता. सासूबाईंनी जीभ चावली, पण बोलून बसल्या होत्या. साहेबानं विचारलं, हे मासे कुणी दिले?

म्हातारी आपणहून पुढे आली. "मीच दिलं. बंदी हाय ठावं हाय, सायेब. पन पॉर कवर थांबंल?"

साहेबानं बाळाकडे पाहिलं. त्यानं हक्क मान्य केला, आणि बंदी मोडली म्हणून म्हातारीचं हातजाळं जप्त केलं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावर पुन्हा पळसाच्या पानात मासे. जाळं नव्हतं म्हणून म्हातारीनं ते पदरानं धरले होते. थंडीत ती कुडकुडत उभी होती. माझ्या मुलाला आता मिशा फुटल्यात; अजूनही मी देवाआधी तिला हात जोडते.

त्या सकाळी तिच्या ओल्या पदरात तांदूळ टाकायचे कसे? सासूबाई खाली उतरल्या आणि सूप तिच्या हातात दिलं. दोघींची बोटं एकमेकींना लागली. आता न्हाणीकडे जाणार, म्हणून मी पाणी काढायला उठले. पण त्या सरळ चुलीपाशी आल्या आणि माझ्यासाठी मासे साफ करायला बसल्या.